वळण बंद, पण कोणासाठी?

धर्मापुरी हे बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यातील गाव. चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिर आणि जुना किल्ला यांसाठी ते ओळखले जाते. अशा गावात 'उजवीकडे वळण्यास मनाई' ही पाटी कोणी लावावी असे म्हटले, तर लोक हसतील. पाट्या, सिग्नल, एकेरी वाहतूक ही सारी शहराची सोंगे आहेत, खेड्याला त्यांचे काय, असाच सर्वसाधारण समज आहे. परंतु दिवाळी सरली, कारखान्यांची धुराडी पेटली, की याच तालुक्याच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर धावू लागतात. मागे दिवा नाही, पाठीमागचे चालकाला दिसत नाही, आणि वळण घेताना मागची ट्रॉली पुढचीच्या वाटेने येत नाही. ती आतल्या बाजूला कापत येते. त्या आतल्या बाजूला कोण उभे असते? शाळेतून परतणारी पोरे, डोक्यावर मोळी घेतलेली बाई, सायकलवरचा मजूर. ज्या घरांतले कर्ते हात उचल घेऊन कोयत्यावर परजिल्ह्यात गेले आहेत, त्या घरांची मागे राहिलेली म्हातारी माणसे आणि लेकरे त्या कोपऱ्यावर उभी असतात. तेव्हा कोणत्या वाहनाने, कोणत्या वेळी, कोणत्या कोपऱ्यावर वळावे हा प्रश्न शहराइतकाच खेड्याचाही आहे. आणि आम्ही तर म्हणतो, तो आमच्या समाजाचा अधिक आहे.

वाहतूक हा विषय चळवळीच्या वर्तमानपत्राचा कसा, असे काही वाचक विचारतील. त्यांना आमचे उत्तर असे की, रस्ता हा विषय आमच्या चळवळीच्या जन्मापासून आमचा आहे. या देशात वळणबंदी मोटारगाडी येण्याच्या कितीतरी आधी आली. फरक एवढाच की ती गाडीसाठी नव्हती, माणसासाठी होती. पेशवाईत सवर्ण समोरून येत असेल तर अस्पृश्याला सार्वजनिक रस्ता वापरण्याची मुभा नव्हती, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या आपल्या प्रबंधात नोंदवून ठेवले आहे. केरळात वायकोम येथे महादेव मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून अवर्णांनी चालू नये असा दंडक होता. तो मोडण्यासाठी १९२४-२५ साली सत्याग्रह करावा लागला. लक्षात घ्या, तो सत्याग्रह मंदिरात जाण्यासाठी नव्हता, नुसते रस्त्यावरून चालता यावे यासाठी होता. गावोगावी महारवाड्यातून निघालेल्या माणसाने कोणत्या आळीतून जावे आणि कोणत्या आळीच्या तोंडाशी वळू नये, हे पिढ्यानपिढ्या ठरलेले होते. त्याला पाटी लागत नव्हती, कारण ती पाटी माणसाच्या मनात ठोकलेली होती.

ही पाटी उखडण्याचे काम कायद्याच्या मार्गाने सुरू झाले ते ४ ऑगस्ट १९२३ रोजी. त्या दिवशी रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव आणला, की सरकारी पैशातून बांधलेली वा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने ही ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत. त्याच ठरावाच्या आधाराने महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले, आणि तो ठराव कागदावरच राहिला म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक महाडच्या रस्त्यांवरून चालत तळ्यावर गेले. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याबरोबरीने 'रस्ते' हा शब्द स्पष्टपणे आला. सार्वजनिक रस्त्याच्या वापराला धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांनी कोणतीही अट घालता येणार नाही, असे संविधान सांगते. रस्त्यावर आपला हक्क आहे हे वाक्य आम्हाला कोणी दान दिलेले नाही.

म्हणूनच कोणी 'वळण बंद' म्हटले की आमचे कान टवकारले जातात, आणि ते टवकारलेच पाहिजेत. पण शंका घेणे निराळे आणि सरसकट विरोध करणे निराळे. माणसाला घातलेली बंदी आणि मोटारीला घातलेली बंदी या दोन गोष्टी एक नाहीत. किंबहुना मोटारीला अडवल्याशिवाय पायी चालणाऱ्या माणसाला रस्ता मोकळा होत नाही, हे आज आपल्याला समजून घ्यावे लागेल.

आधी या उपायाचे साधे गणित पाहू. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात. त्यामुळे डावीकडे वळणारा कोणाला आडवा जात नाही. उजवीकडे वळणारा मात्र समोरून येणाऱ्या सगळ्या वाहनांना छेदून जातो. चार रस्ते जेथे मिळतात त्या साध्या चौकात वाहनांच्या वाटा एकमेकींशी ३२ ठिकाणी भिडतात. त्यांपैकी १६ ठिकाणी त्या एकमेकींना सरळ छेदतात, आणि जीवघेणी धडक बहुधा तेथेच होते. अशा चौकातली उजवी वळणे बंद केली, तर ३२ चे १२ होतात आणि छेदण्याची ठिकाणे १६ वरून ४ वर येतात.

दुसरा उपयोग वस्तीच्या दृष्टीने अधिक मोलाचा. मुख्य रस्त्यावर गर्दी झाली की वाहनवाले आडवाट शोधतात, आणि ती आडवाट कोणाच्या तरी दारावरून जाते. त्या गल्लीत ना त्यांचे घर असते, ना काम; त्यांना फक्त पाच मिनिटे वाचवायची असतात. गल्लीच्या तोंडाशी एकच वळण बंद केले तर ती आडवाट तिच्या उपयोगालाच मुकते. गल्लीतल्या रहिवाशाला थोडा वळसा पडतो, पण तो घरी पोचतोच. बाहेरचा मात्र मुख्य रस्त्यावरच राहतो. आत राहणाऱ्याची आणि आरपार जाणाऱ्याची वाट वेगळी करणे, हे या उपायाचे सार आहे.

यातून काय वाचते? नुसता जीव नव्हे, शेजारही वाचतो. डोनाल्ड ॲपलयार्ड या अभ्यासकाने अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात सारख्याच वस्तीतल्या तीन रस्त्यांची पाहणी केली होती. कमी वाहतुकीच्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला त्या रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. भरधाव वाहतुकीच्या रस्त्यावर राहणाऱ्याला एकही धड नाही, सरासरी ०.९. आमच्या वाचकांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. ज्यांचे घर दहा बाय दहाचे, त्यांचे अंगण म्हणजे दारासमोरची गल्ली. बुद्धविहारापुढची बैठक, भिंतीला टेकून होणाऱ्या बायकांच्या गप्पा, पोरांचा खेळ, जयंतीची तयारी हे सारे गल्लीत होते. ज्याच्या बंगल्याला कुंपण आणि बाग आहे त्याला रस्ता गमावल्याचे दुःख कमी. आमची गल्ली मोटारींनी घेतली म्हणजे आमची चावडीच गेली.

नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन या शहराने १९७७ साली याच तत्त्वावर मध्यवर्ती भागाचे चार तुकडे केले. एका तुकड्यातून दुसऱ्यात मोटारीने सरळ जाता येत नाही. बाहेरच्या वळणरस्त्यावर जाऊन पुन्हा आत यावे लागते. पायी आणि सायकलने मात्र कोठूनही कोठेही जाता येते. व्यापाऱ्यांनी तेव्हा मोठा विरोध केला होता. आज ते शहर सायकलींचे शहर म्हणून जगभर ओळखले जाते.

परंतु नेदरलँड्सपर्यंत जाण्याची गरज काय? दरवर्षी ६ डिसेंबरला दादरला हेच घडते. महापरिनिर्वाण दिनाला लाखोंचा जनसमुदाय चैत्यभूमीकडे येतो, तेव्हा मुंबईचे वाहतूक पोलीस आदेश काढतात. सिद्धिविनायक मंदिरापासून हिंदुजा रुग्णालयापर्यंतचा स्वातंत्र्यवीर सावरकर मार्ग वाहनांना बंद होतो. रानडे रोड, ज्ञानेश्वर मंदिर रोड, केळुसकर रोड, जांभेकर महाराज रोड यांवरही वाहनांना मनाई असते. एस. के. बोले मार्ग एकेरी केला जातो. होय, तेच बोले! ज्यांच्या ठरावाने सार्वजनिक जागांचे दार उघडले, त्यांच्याच नावाच्या रस्त्यावर मोटारींना त्या दिवशी एकाच दिशेने जाण्याचे बंधन असते आणि बीड, परभणी, नांदेडहून रात्रभर प्रवास करून आलेली माय लेकराचे बोट धरून रस्त्याच्या मधोमध चालते. तेव्हा 'गैरसोय झाली' अशी कुरकुर दरवर्षी ऐकू येते. आम्ही विचारतो, गैरसोय कोणाची? एका दिवशी मोटारीला दोन वळणे जास्त घ्यावी लागली तर ती गैरसोय. आणि उरलेले ३६४ दिवस पायी चालणाऱ्याला रस्ता ओलांडण्यासाठी जीव मुठीत धरावा लागतो, त्याला काय म्हणायचे? केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारे होते आणि जवळजवळ ७५ हजार दुचाकीवरचे. म्हणजे मेलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश माणसे मोटारीच्या आत नव्हती, मोटारीच्या बाहेर होती. रस्ता कोणासाठी बांधला जातो आणि त्यावर मरते कोण, हे या आकड्यांनी सांगितले आहे.

येथपर्यंत आम्ही या उपायाची बाजू मांडली. आता त्यातले धोके सांगतो, कारण चांगले हत्यारही कोणाच्या हातात आहे यावर सारे अवलंबून असते.

पहिला धोका हा की, तीच पाटी वस्तीसाठीही लावता येते आणि मोटारीच्या वेगासाठीही. पुण्यात फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता एकेरी झाले. एकेरी रस्त्यावर समोरून कोणी येत नसल्याने वाहने सुसाट जातात आणि पायी माणसाला पलीकडे जाणे अवघड होते. वळणे बंद करून रस्ता पळवण्यासाठी मोकळा केला, तर ते शेजाऱ्यांचे रक्षण नव्हे, त्यांच्या दारात शर्यतीचे मैदान आणून सोडणे होय.

दुसरा धोका आमच्या दृष्टीने सर्वांत मोठा. वळण बंद केल्याने वाहने नाहीशी होत नाहीत. काही कमी होतात, पण बाकीची दुसरीकडे जातात. त्या 'दुसरीकडे' कोण राहते? ज्या कॉलनीत वकील, डॉक्टर, अधिकारी राहतात, तिचा अर्ज आठ दिवसांत साहेबांच्या टेबलावर पोचतो आणि तिच्या तोंडाशी पाटी लागते. मग तो सारा धूर आणि भोंगे पलीकडच्या झोपडपट्टीच्या दारावरून जाऊ लागतात, कारण तिचा अर्ज कोणी लिहिलेलाच नसतो. लंडनमध्ये २०२० नंतर अनेक मोहल्ल्यांत आरपार वाहतूक बंद करण्यात आली, तेव्हाही सीमेवरच्या रस्त्यांवर राहणाऱ्यांनी हाच प्रश्न विचारला होता. जातिव्यवस्थेने घाण गावकुसाबाहेर लोटली आणि तिच्याशेजारी आम्हाला बसवले. वाहतुकीच्या नावाने तेच पुन्हा होऊ द्यायचे काय?

तिसरा धोका फाटकाचा. काही बड्या वसाहती सार्वजनिक रस्त्यावर स्वतःच लोखंडी फाटक लावतात, रखवालदार बसवतात आणि 'बाहेरच्यांना प्रवेश नाही' असे लिहितात. तो रखवालदार मोटार अडवत नाही. तो कामवाल्या बाईला, भंगारवाल्याला, भाजीच्या हातगाडीवाल्याला अडवतो आणि 'तू कोण, कोणाकडे?' असे विचारतो. वाहतुकीची पाटी कोणाला 'तू कोण' असे विचारत नाही. मंत्र्याच्या गाडीला आणि मजुराच्या दुचाकीला ती एकच नियम सांगते. फाटक मात्र माणूस निवडते. म्हणून पाटीचे समर्थन करणाऱ्याने फाटकाला विरोध केलाच पाहिजे. तसेच एकेरी वाहतुकीचे निमित्त करून हातगाड्या उचलल्या जात असतील तर तेही खपवून घेता कामा नये. पथविक्रेत्यांना २०१४ च्या कायद्याने संरक्षण दिले आहे. मोटारीच्या वळणाशी त्यांच्या पोटाचा संबंध नाही.

चौथा धोका चौकातला. पाटी झाडाच्या फांदीआड, आणि पावती पुस्तक घेतलेला शिपाई त्याच्याही आड, हे दृश्य कोणत्या वाचकाने पाहिलेले नाही? अशाने दंड भरतो तो रिक्षावाला आणि दुचाकीवरचा मजूर. मोठ्या गाडीची काच खाली होते आणि दोन शब्दांत प्रकरण मिटते. यावर उपाय हा की, बंदी पाटीवर कमी आणि रस्त्याच्या रचनेत अधिक असावी. मध्ये दगडी दुभाजक असा घालावा की मोटारीला वळताच येऊ नये, आणि पायी माणसाला, सायकलला, अपंगाच्या गाडीला त्यातून सहज जाता यावे. जेथे दगड काम करतो तेथे कोणाची मर्जी चालत नाही.

मग न्याय्य वळणबंदी कशी ओळखावी? आमच्या मते चार प्रश्न विचारावेत. बंदी वाहनाला आहे की माणसाला? येथून हटवलेली वाहने कोणाच्या दारावरून जाणार आहेत, आणि त्या दारातल्या लोकांना विचारले आहे काय? आदेश लेखी, कारणासह आणि लोकांना वाचता येईल असा जाहीर झाला आहे काय? आणि काही महिन्यांनी दोन्ही रस्त्यांवरची वाहने व अपघात मोजून तो आदेश चालू ठेवायचा की बदलायचा, हे ठरणार आहे काय? रुग्णवाहिका, एस.टी. आणि सायकल यांना सूट आहे काय, हेही त्याबरोबर पाहावे. या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर आपण त्या पाटीच्या बाजूने उभे राहावे. नसतील तर विरोध करावा, पण विरोध कशाला ते सांगून करावा.

कायदा याला अनुकूल आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ नुसार सार्वजनिक सुरक्षिततेसाठी वा सोयीसाठी, किंवा रस्ता अथवा पूल कसा आहे ते पाहून, ठरावीक रस्त्यावर वाहनांना बंदी वा निर्बंध घालता येतो. बंदी एका महिन्यापेक्षा अधिक काळाची असेल तर राजपत्रात अधिसूचना काढावी लागते. एका महिन्यापर्यंतच्या बंदीला राजपत्र लागत नाही, स्थानिक पातळीवर प्रसिद्धी दिली की पुरते. याचा अर्थ, एखादा प्रयोग एक महिनाभर करून पाहण्याची वाट कायद्यानेच खुली ठेवली आहे. शहरात हे काम पोलीस आयुक्तालय करते, जिल्ह्यात जिल्हाधिकारी.

आता पुन्हा परळी तालुक्याकडे येऊ. या तालुक्याच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांबरोबर औष्णिक वीज केंद्राच्या राखेचे टिपरही धावतात. जानेवारी २०२५ मध्ये तालुक्यातील एका गावच्या सरपंचाचा राखेच्या टिपरच्या धडकेत मृत्यू झाला, तेव्हा चार दिवस राज्यभर चर्चा झाली. सरपंच होते म्हणून चर्चा झाली. शेतमजूर गेला असता तर आतल्या पानावर चार ओळी आल्या असत्या. राख आणि ऊस यांच्यावर पैसा उभा राहतो तो दुसऱ्यांचा. धूळ छातीत जाते आणि चाक अंगावर येते ते रस्त्याकडेच्या वस्तीच्या. आणि रस्त्याकडेची, गावकुसाबाहेरची वस्ती बहुतेक गावांत कोणाची असते, हे आम्ही सांगायला नको.

धर्मापुरी असो वा दुसरे कोणते गाव, मागणी फार मोठी नाही. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी जड वाहनांनी गावात वळू नये. गळीत हंगामात दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरांना वस्तीतले अरुंद वळण बंद असावे. राखेच्या गाड्यांनी वस्तीतून आरपार न जाता ठरवून दिलेल्या मार्गानेच जावे, आणि तो मार्ग ठरवताना दलित वस्ती ही सोयीची पळवाट समजली जाऊ नये. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरतात. आपल्या तरुणांनी तेथे जाऊन हा विषय मांडावा. जाण्यापूर्वी आठ दिवस कोपऱ्यावर वही घेऊन बसावे आणि किती वाहने, कोणत्या वेळी, कोठून कोठे गेली ते लिहावे. ज्यांच्या गळ्यात ती वाहतूक पडेल त्या आळीशी आधी बोलावे, मग ठराव करून तो जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा आणि पोच घ्यावी. भावनेच्या भरात दिलेल्या घोषणेपेक्षा वहीतले आकडे साहेबाला अधिक अडचणीत टाकतात.

महाडला आपले पूर्वज रस्त्यावरून चालले ते कोणाला हुसकावण्यासाठी नव्हे, आपणही त्या रस्त्याचे मालक आहोत हे दाखवण्यासाठी. मालकाचे काम नुसते चालण्याचे नसते. त्या रस्त्यावर कोणी कसे वागावे हे ठरवण्यातही त्याचा हात असतो. आजवर रस्त्यावरच्या बंद्या आपल्यासाठी दुसऱ्यांनी ठरवल्या. एखादी पाटी आता आपल्या लेकरांच्या रक्षणासाठी आपण ठरवू या, आणि ती लावताना पलीकडच्या आळीतले लेकरूही आपलेच आहे हे विसरू नये.